धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?

घर म्हणजे काय, हे सरकारच्या लेखी ठरलेलं आहे. वेगळं प्रवेशद्वार असलं की ते जनगणनेचं घर, आणि एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या एखाद्या घरात दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, की छप्पर तेच राहून कुटुंबं दोन होतात. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजाला रथाबद्दल असंच विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सुटे भाग जुळल्यावर व्यवहारासाठी दिलेलं नाव, एवढाच रथ. जनगणना कार्यालयाने नागसेन वाचला नसेल, पण रीत त्याचीच उचलली आहे.

धर्माच्या रकान्याशी मात्र हे सोपेपण संपतं.

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ भरली. त्यात सुमारे आठात एक माणूस बौद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, शेजारच्या नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध होते अडीच हजारांच्या आत. १९६१ मध्ये सुमारे २७.९ लाख. दहा वर्षांत हजारपटीहून जास्त! एवढ्या वेगाने माणसं जन्मत नसतात. त्यांनी ठरवलं होतं, आणि प्रगणकाला तसं सांगितलं.

सांगण्याची किंमत होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागे. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं. राज्याने ‘नवबौद्ध’ म्हणून सवलती दिल्या, तरी केंद्राची राखीव नोकरी आणि राखीव मतदारसंघ ‘बौद्ध’ या एका शब्दाने दुरावत होते. तरीही लाखोंनी तोच लिहिला. श्रद्धा मोजता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. पदरचं घालून दिलेल्या उत्तराला निराळं वजन असतं.

१९९० ने एक पेच सोडवला आणि दुसरा उभा केला. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेऊन ज्याने जात टाकली, त्याला अनुसूचित जातीत मोजलं जाण्यासाठी धर्माखाली ‘बौद्ध’ आणि पुढे जुन्या जातीचं नाव सांगावं लागतं. हा दांभिकपणा का? नागार्जुनाच्या परंपरेत संवृती सत्य आणि परमार्थ सत्य असे सत्याचे दोन स्तर मानतात. जात परमार्थाने नाही, व्यवहारात आहे. विहिरीवर, लग्नाच्या बोलणीत, भाड्याच्या खोलीत ती भेटतेच. जी इजा त्या नावाने झाली, तिची भरपाई त्याच नावाने मागण्यात खोटं काही नाही. मात्र दोन स्तरांची ही भाषा सोयीची पळवाट होऊ शकते, हेही मान्य करायला हवं. जात ही मनातली धारणा आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. नाव दर जनगणनेत घ्यावं लागलं, तर ती धारणा मरणार कधी?

प्रगणक, म्हणजे बहुधा गावातले गुरुजी, या वादात पडत नाहीत. माणूस सांगेल तो धर्म लिहायचा, हुज्जत घालायची नाही, आडनावावरून किंवा जातीवरून अंदाज बांधायचा नाही, अशी त्यांना सूचना असते. ‘धर्म नाही’ म्हटलं तर तेही लिहायचं. छापील यादीत गोंडी धर्म नव्हता, तरी २०११ मध्ये देशभरात दहा लाखांहून जास्त लोकांनी तो सांगितला आणि तो नोंदला गेला. कुठल्याही धर्मपीठापेक्षा हा नियम उदार म्हणावा लागेल. पीठ दाखला मागतं.

यात एक खोट उरतेच. सांगणारा बहुधा घरातला एकच असतो. २०२७ च्या जनगणनेत सगळ्यांची जात विचारली जाणार आहे आणि ज्याला हवं तो माहिती स्वतःच ऑनलाइन भरू शकेल. सासऱ्याने मोबाइलवर सगळ्या घराचा धर्म भरला, की सुनेचाही भरला गेला. तिचं म्हणणं वेगळं असेल, तर ते सांगायला तिला घरातच तोंड उघडावं लागेल, गुरुजी दारात येण्याआधी.