आप्तवचन आणि सुरू न होणारी गाडी

किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू न होता नुसती टकटक ऐकू येते, तेव्हा तसल्याच गाडीच्या दुसऱ्या मालकाने दिलेला ‘बॅटरी बदला’ हा सल्ला ज्ञान ठरतो की केवळ मत, हा प्रश्न न्यायदर्शनाच्या कक्षेतला आहे. शब्द, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीचे वचन, नैयायिक, म्हणजे या दर्शनाचे अनुयायी, स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानतात. आणि ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे व जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो तो आप्त, मग तो ऋषी असो वा म्लेच्छ, असे न्यायभाष्यकार वात्स्यायनाचे (आश्चर्य वाटावे इतके उदार) मत असल्याने साधा गाडीमालकही आप्त ठरू शकतो. मात्र त्याने प्रत्यक्ष पाहिले ते एवढेच, की बॅटरी बदलली आणि दोष गेला. दोषाचे कारण त्याने अनुमानाने ठरवले, आणि तेथे उपाधी, म्हणजे व्याप्तीआड (‘जेथे हे, तेथे ते’ या नियमाआड) दडलेली अट, शिरू शकते, जसे अग्नी असूनही सरपण ओले नसेल तर धूर निघत नाही. बॅटरी बदलताना गंजलेली टर्मिनल्स आपोआप साफ होऊन घट्ट बसतात, आणि पुष्कळदा मूळ दोष तेवढाच असतो. म्हणून बंद गाडीत मल्टिमीटर 12.6 व्होल्टच्या आसपास, म्हणजे बॅटरी चार्ज असल्याचे, दाखवत असेल, तर आधी टर्मिनल्स घासून पाहणे तर्काला धरून होते. स्टार्टरचा भार पडल्यावर व्होल्टेज किती उतरते, हे मात्र वेगळे तपासावे लागते.