संत्रा आणि लिंबू

एक वाटी साखर, एक वाटी पाणी. साखर विरघळली की गॅस बंद करायचा, तुळशीची वीस-पंचवीस पानं टाकायची आणि झाकण ठेवायचं. पानं उकळायची नाहीत. उकळली की पाकाला काढ्याची चव येते. वीस मिनिटांनी गाळून पाक गार करायचा. मग हा पाक 20 मिली, कागदी लिंबाचा ताजा रस 20 मिली, जिन 45 मिली, भरपूर बर्फ आणि वरून सोडा. पुण्यात कधीतरी शनिवारी संध्याकाळी मी हे करतो. मापं पाळतो. दोन ग्लासांच्या पुढे सहसा जात नाही.

गेल्या मे महिन्यात गावी, वसमत तालुक्यातल्या आमच्या घरी, मी हाच पाक करायला घेतला. बाटली बॅगेत कपड्यांखाली होती. तुळस ओट्यावरच्या वृंदावनातली. आई स्वयंपाकघरात आली.

"कशाचं सरबत करायलास रे?"

"लिंबाचं."

उत्तर खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. तिनं ग्लास उचलून वास घेतला, खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, "मग संत्रा पिणाऱ्यांना कामून नावं ठेवतोस?"

आमच्याकडे संत्रा म्हणजे फळ असेलच असं नाही. देशी दारूच्या दुकानात 'एक संत्रा द्या' म्हटलं की संत्र्याच्या स्वादाची बाटली मिळते. 1973 साली राज्यात देशी दारूचे नियम आले. तेव्हापासून उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात पाणी आणि स्वाद घालून ही दारू परवान्यानं विकली जाते. तिची नेहमीची तीव्रता 25 अंडर प्रूफ, म्हणजे 42.8 टक्के. माझ्या बॅगेतल्या जिनच्या बाटलीवरही 42.8 हाच आकडा होता. मद्यार्क, साखर आणि लिंबूवर्गीय फळाचा स्वाद. पाककृती म्हणून पाहिलं तर आईचा प्रश्न अगदी नेमका होता.

तिच्या डोळ्यांसमोर माझे एक चुलते होते. हळद विकली की पट्टीचे पैसे घरी पोचेपर्यंत वाटेतच कमी व्हायचे. काकूनं शिलाई मशीनवर दोन पोरांची शिक्षणं केली. मी इंजिनिअरिंगला असताना काकांना त्यांच्या माघारी 'बेवडा' म्हणायचो. आजही त्यांच्या वागण्याची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही.

पण माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय, हे मला आईला सांगता आलं नाही. नंतर मी तो मुद्देसूद शोधून पाहिला.

पहिलं उत्तर असं की ते नशेसाठी प्यायचे, मी चवीसाठी पितो. हे तपासायला सोपं आहे. जिन वगळून तोच ग्लास करायचा. मी केला. तुळस आणि लिंबू उलट जास्त स्पष्ट लागले. म्हणजे चवच हवी असेल तर जिनची गरजच नाही. ती मी घालतो, कारण मलाही डोक्यावरचा ताण थोडा सैल झालेला हवा असतो. काकांनाही तोच हवा होता. चव खरी आहे, पण माझ्या पिण्याचं ते पूर्ण कारण नाही.

आणि 'अभिरुची'चा हा शिक्का कुणाच्या ग्लासावर बसतो, तेही काळानुसार बदलतं. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये जिन ही गरिबांची दारू होती. 1751 साली होगार्थ या चित्रकारानं 'जिन लेन' हे चित्र काढलं. त्यात नशेतल्या आईच्या हातून मूल खाली पडतंय. त्याच वर्षी संसदेनं जिनच्या विक्रीवर कायद्यानं लगाम घातला. आज तीच जिन नक्षीदार बाटलीत येते, आणि त्या चित्रातली जागा आपण संत्र्याला दिली आहे.

दुसरं उत्तर जॉन स्टुअर्ट मिलकडे मिळतं. 'ऑन लिबर्टी' 1859 चं. त्यात त्यानं अमेरिकेतल्या मेन राज्याच्या दारूबंदीवर टीका केली होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पिणं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पिण्यापायी माणूस कुटुंब पोसायचं कर्तव्य चुकला, तर तो दोषी आहे, आणि दोष कर्तव्य चुकल्याचा आहे. हे मला पटतं. काका कर्तव्य चुकले, मी चुकलो नाही. फरक सापडला.

पण तो फरक माझ्या पदरात पुण्य म्हणून टाकता येईना. माझा तिसरा ग्लास म्हणजे रविवारची डोकेदुखी. काकांची तिसरी क्वार्टर म्हणजे पोराची फी. माझ्या चुकीला महिन्याच्या पगाराची गादी आहे. गरिबी हे त्यांना निमित्त म्हणून देता येत नाही. तशाच दोन एकरांवर राबणारे शेजारी गळ्यात तुळशीची माळ घालून नर्सीच्या नामदेवाला जातात आणि थेंबाला शिवत नाहीत. काका दोषीच होते. पण ते दोषी ठरल्यानं मी आपोआप संयमी ठरत नाही. माझ्या संयमाची तेवढी परीक्षाच कधी झालेली नाही.

1949 च्या कायद्यानुसार या राज्यात घरात बसून प्यायलाही परवाना लागतो. तो काकांकडे नव्हता, माझ्याकडेही नव्हता. पोलिसांची भीती मात्र फक्त त्यांना वाटायची.

महाराष्ट्रात बायकांना मतदानानं दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत द्यावं लागतं. म्हणजे त्या दिवशी मजुरीला गेलेली बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. मिलनं याला विरोध केला असता. मलाही सरसकट बंदी पटत नाही. दुकान गेलं की चोरटी दारू येते, हे आम्ही पाहिलेलं आहे. पण उद्या गावात असं मतदान झालंच, तर स्वातंत्र्याच्या बाजूनं बोलण्याआधी मला हे मान्य करावं लागेल, की बंदीनं माझं काहीच जाणार नाही. माझी बाटली पुण्याहून येते. जे काही गमवायचं आणि कमवायचं, ते काकांच्या आणि काकूच्या घरात.

म्हणून मी दोनच गोष्टी ठरवल्या. पिणाऱ्याला त्याच्या बाटलीवरून नावं ठेवायची नाहीत. घरी काय चुकवलं, त्यावरून ठेवायची. आणि गावात बाटली आडवी झाली, तर ती माझ्या बॅगेतूनही येणार नाही.

त्या दुपारी मी जिनचा ग्लास मोरीत ओतला आणि दुसऱ्या दोन ग्लासांत नुसतं लिंबू, पाक आणि पाणी घातलं. आईनं घोट घेतला. "चांगलं झालंय," ती म्हणाली. "याला सरबत म्हणतात. त्याला म्हणू नको."