आर्ताची संमती

करारनाम्यावर सही करणाऱ्याने ती स्वखुशीने केली, एवढे सिद्ध झाले की धर्माचे काम संपले, असे मानणारा मोठा वर्ग आपल्याकडे आहे. आणि कंपनीची पिल्ले वाढविणाऱ्या एखाद्या कुक्कुटपालकाने तक्रार मांडली, की ‘तुमच्यावर बळजबरी कोणी केली होती?’ हा या वर्गाचा सवाल तयार असतो. कौटिल्याने मात्र मत्त आणि उन्मत्त यांच्या बरोबरीने आर्ताने केलेला व्यवहारही असिद्ध ठरविला, आणि याज्ञवल्क्याची यादीही फारशी वेगळी नाही. मत्ताची बुद्धी ठिकाणावर नसते हे कोणीही मान्य करील; आर्ताची बुद्धी तर शाबूत असते, किंबहुना गरजेने ती अधिकच तीक्ष्ण झालेली असते. तरीही शास्त्रकारांनी त्याला त्या पंक्तीत बसविले. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा टीकेने आर्त म्हणजे व्याधी इत्यादींनी पीडलेला असा अर्थ केला आहे. त्या ‘इत्यादी’त बँकेचा हप्ता घालण्यास पंडितांची हरकत असेल, माझी नाही.

कुक्कुटपालनाच्या या करारात पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, तूस आणि घरादाराची मेहनत शेतकऱ्याची. सुमारे चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरतो, आणि किती खाद्य खाऊन ते वजन आले यावर संगोपनाचा दर ठरतो. बाजार पडलेला असला म्हणजे कंपनीची गाडी चार दिवस उशिरा येते. त्या चार दिवसांत पक्षी खातो पुष्कळ आणि वाढतो थोडा, व हा बिघडलेला हिशेब, गाडी ज्याच्या हाती नाही, त्याच्याच नावे मांडला जातो. श्रावणात मागणी उतरली की नवी बॅच लांबते, शेड रिकामी राहते. हप्ता मात्र श्रावण पाळीत नाही.

पहिली सही स्वखुशीची होती, हे मी मान्य करतो. परंतु कर्ज काढून बांधलेली शेड दुसऱ्या कामाची उरत नाही, आणि पिल्ले देणारी कंपनी पंचक्रोशीत एखादीच असते. त्यामुळे दुसऱ्या बॅचपासूनची प्रत्येक सही ही आर्ताची सही असते, मग कागदावरचा मजकूर पहिल्यासारखाच का असेना.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. 1875 साली सुप्याच्या बाजारात आणि नंतर पुणे-नगर भागांत कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले, तेव्हा त्या रोख्यांवर त्यांच्याच निशाण्या होत्या. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने दिवाणी न्यायाधीशास रोख्यामागील मूळ व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार दिला. आमचे जालना त्या वेळी निजामाच्या अंमलाखाली असल्याने तो कायदा येथे पोहोचला नाही. गैरवाजवी दडपणाखाली दिलेली संमती 1872 च्या करार कायद्यानेही सदोष मानली आहे. पण त्या कलमाचा आधार घेण्यासाठी फिर्याद करावी लागते, आणि फिर्याद करणाऱ्यास पुढची बॅच कोण देणार?

याउलट उसाचे पाहा. आमच्याच जालन्यातील अंबड तालुक्यात अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. सहकाराचे दोष मला ठाऊक आहेत, आणि ते झाकण्याचा माझा इरादा नाही. तरी तेथील ऊस उत्पादक सभासद असतो, संचालक निवडून देण्यास मत टाकतो, आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत किमान दर मिळण्याचा त्याला हक्क आहे. मुदत टळल्यास 15 टक्के व्याज. कराराने कोंबड्या वाढविणाऱ्या त्याच्याच भाऊबंदाला यांपैकी काहीही नाही. त्याच्या संगोपन दरालाही कायद्याने किमान मर्यादा घालावी, आणि गाडी उशिरा आणणाऱ्याने त्या दिवसांचे खाद्य स्वतःच्या खात्यावर टाकावे, ही मागणी आता शासनापुढे मांडली पाहिजे.