खिशातलं तगर

उभे राहा. ज्यांच्या खिशात, दप्तरात, कंपासपेटीत तेरहून आणलेलं काहीही आहे, ते सगळे उभे राहा. मान खाली घालू नका, माझ्याकडे बघा.

काल तेरला जायला ढोकी स्टेशनवर उतरल्यापासून तुमची भुणभुण चालू होती, "सर, इथं बघण्यासारखं काय आहे?" गाडीत तर एकानं ठणकावून सांगितलं की रोमन अवशेष बघायचे तर इटलीला जावं, तेरला नुसती टेकाडं आहेत. डब्यात चार परकी माणसं होती म्हणून मी तोंड आवरलं. आज ऐकून घ्या.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिच्यात तगर आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. तिथलं जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत लादून भडोचला जाते, असं तो लिहितो. हे तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांचा बराच वाद झाला. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर. 1901 मध्ये फ्लीट नावाच्या अभ्यासकानं तेरकडे बोट दाखवलं, पाठोपाठ कझिन्सनं पाहणी केली आणि 1958 मध्ये चापेकरांनी खणून पाहिलं. रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदकं याच तेरमध्ये मिळाली आहेत. आणि तुम्ही त्या टेकाडांवर उड्या मारत रील काढलीत!

तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली किती जणांनी नीट पाहिली? हात वर करा. तीन? बाकीचे तिच्या काचेत स्वतःचे केस बघत होते, मी पाहिलं आहे. तिच्याच जातकुळीची एक बाहुली 1938 मध्ये पॉम्पेईत, एका घराच्या अवशेषांत सापडली. व्हेसुव्हियसचा उद्रेक सन 79 चा. म्हणजे ती त्याआधीच आपल्या देशातून तिकडं पोचली होती, हे आज छातीठोकपणे सांगता येतं. का सांगता येतं? कारण उत्खनन करणाऱ्यांच्या हाती लागेपर्यंत ती राखेखालीच होती. मधल्या काळात तुमच्यासारख्या कुणी तिला खिशात घातलं असतं, तर ती कुठली, कधीची, हे सांगायला कसलाही पुरावा उरला नसता.

आता हा मणी बघा. तू पुढं ये, तुझ्याच खिशातला आहे. भोक अर्ध्यावर थांबलंय, दिसतंय? एका बाजूनं पाडायला घेतलं आणि राहून गेलं. अर्धवट मणी कुणी बाजारातून विकत आणत नाही, तो घडवणाऱ्याच्या जागीच पडतो. तो नेमका कुठं, किती खोल, कशाच्या शेजारी होता हे कळलं असतं, तर तिथं मणी घडवणाऱ्याचं घर होतं का, हे शोधता आलं असतं. तू कुठून उचललास? "तिकडं, बाभळीजवळ." एवढंच सांगता येतंय तुला! गट नंबर फाडून टाकलेला सातबारा घेऊन तू तलाठ्यासमोर उभा राहिलास तर तो काय करील?

आणि लामतुरे अप्पांचं नाव पुढं करू नका. काल कुजबुजत होतात, "त्यांनीसुद्धा वस्तू गोळाच केल्या होत्या की." हो, केल्या. पावसानं उघड्या पाडलेल्या, नांगरटीत वर आलेल्या वस्तू रामलिंगप्पांनी जन्मभर जमवल्या, गावातच जपल्या आणि शेवटी सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या हवाली केल्या. तुम्ही काल बघितलंत ते संग्रहालय त्यातूनच उभं राहिलं. त्यांनी वाचवलं, तुम्ही मित्रांना दाखवून मिरवायला नेलंत. माळवदावर टाकायला याच टेकाडांची पांढरी माती नेणाऱ्या गावकऱ्याचं निदान छप्पर गळत होतं. तुमचं काय अडलं होतं?

मला सगळ्यांत जास्त कशाचा राग आला, सांगू? सकाळी गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या समाधीवर डोकं टेकवलंत आणि दुपारी कुणा जुन्या कुंभाराच्या हातचं खापर खिशात कोंबलंत. या तुकड्याच्या आतल्या बाजूला चाकावर फिरलेल्या बोटांच्या रेषा आहेत. बोट फिरवून बघ. लागल्या हाताला? मग हा दगड आहे असं समजून तू तो गाडीतून रुळांवर भिरकावायला कसा निघाला होतास?

येत्या रविवारी हे उभे असलेले सगळे पुन्हा तेरला येतील. तिकीट खाऊच्या पैशातून. प्रत्येकानं वस्तू उचललेली जागा स्वतः दाखवायची, मी कागदावर तिचा नकाशा काढून घेईन आणि तो वस्तूसह संग्रहालयात द्यायचा. ज्यांनी उचललं नाही, पण बघूनही मला सांगितलं नाही, तेही येणार आहेत. आता खाली बसायची घाई करू नका. उद्या पालकांच्या सहीची चिठ्ठी हवी. रविवारी कशासाठी जायचंय, ते चिठ्ठीत तुमच्या हातानं, खरं खरं लिहायचं. "सहल" असं लिहिलेली चिठ्ठी मी घेणार नाही.