राजाच्या मेजावरील लंगडा पाहुणा

शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय ९.



भोकरकडे लग्नसराईत एका मांडवात नाना तऱ्हेची माणसे जमतात. कोणी नांदेडाहून मोटारीने येतो, कोणी तेलंगणाच्या सीमेकडून तेलुगू बोलत येतो, आणि कोणी कापसाच्या शेतातून हातपाय धुऊन तसाच येतो. अशा वेळी एखादा गरीब पाहुणा खांबाला टेकून उभा राहतो आणि मनात म्हणतो, "येथे आपले काय काम?" हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. तो मनात घर करून बसला, म्हणजे मनुष्य आधी लग्नास जाणे टाळतो आणि पुढे उपासनेसही येईनासा होतो.

मफीबोशेथाची गोष्ट पाहा. तो योनाथानाचा पुत्र. पाच वर्षांचा असता दाईच्या हातून पडून तो दोन्ही पायांनी अधू झाला होता, आणि लो-दबार येथे परक्याच्या घरी राहत होता. दावीद राजाने बोलाविले, तेव्हा त्याने स्वतःस मेलेल्या कुत्र्याची उपमा दिली. राजाने त्याची चाल पाहिली नाही. योनाथानाशी केलेला करार आठविला. तो नित्य राजाच्या मेजावर जेवू लागला, तरी पाय अधूच राहिले, असे सांगून शास्त्र तो अध्याय संपविते. यावरून आम्हांस हे उमगते की, जागा पाहुण्याच्या योग्यतेने मिळत नाही, बोलावणाऱ्याच्या वचनाने मिळते.

संकोच एका दिवसात जात नाही, हेही खरे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी काही काळ त्यांचे सोवळेओवळे चालूच होते. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आणि १९३३ साली नागपूर येथील मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी त्याच विराजमान झाल्या. उतावीळ यजमानास असे फळ दिसत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरात, धनिक व मजूर एका पंगतीत जमिनीवर बसून जेवतात. मग याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचणाऱ्या आपण सोन्याच्या अंगठीवाल्यास पुढे आणि मळक्या वस्त्रांच्या मनुष्यास दाराशी बसवावे काय?

तर खांबाशी उभ्या असलेल्या बंधो, तुला बोलावणे आहे, पुढे ये. आणि ज्यांस मांडव आपलाच वाटतो, त्यांनी पानावर बसण्यापूर्वी एकवार मागे वळून पाहावे. तेथे कोणी एकटा दिसला, तर त्याचे गाव विचारावे, मुलाबाळांचे कुशल विचारावे, आणि थोडे सरकून त्यास आपल्याशेजारी बसवून घ्यावे. प्रभूच्या मेजावर आपणांस जागा मिळाली, तीही अशीच कृपेने मिळाली आहे.