नाव कोणी ठेवायचे?

एखाद्या समूहाला नाव देण्याचा हक्क कोणाचा? हा प्रश्न आम्हा मराठी मुसलमानांना नवा नाही. 'मुसलमान असून मराठी इतके छान बोलता!' या कौतुकातही दुसऱ्याने आखलेली चौकट असते. म्हणूनच अमेरिकेतल्या इंग्रजी लेखनातला 'चिकाना' हा शब्द आम्हाला विचार करायला लावतो.

चिकाना म्हणजे अमेरिकेतली मेक्सिकन वंशाची स्त्री. पुरुष तो चिकानो. 'मेशिकानो' या जुन्या उच्चारावरून हा शब्द आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पूर्वी गरीब मजुरांना हिणवण्यासाठी तो वापरीत. १९६०च्या दशकातील चळवळीने तोच शब्द अभिमानाने उचलला. आपल्याकडे १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने 'दलित' या शब्दाला लढाऊ अर्थ दिला, त्याच्याशी नाते सांगणारी ही गोष्ट.

पण 'चिकानो'मध्ये स्त्री कुठे होती? चळवळीत राबायला ती होती, नेतृत्व मात्र बहुतांशी पुरुषांकडे राहिले. १९७१ साली ह्यूस्टन येथे या स्त्रियांनी आपली स्वतंत्र राष्ट्रीय परिषद भरवली. 'चिकाना' हे नुसते स्त्रीलिंगी रूप राहिले नाही. ती एक भूमिका झाली. इंग्रजीत विशेषण लिंगानुसार बदलत नाही. तरीही इंग्रजी वाक्यात 'चिकाना लेखिका' असे लिहिताना शेवटचा स्पॅनिश 'आ' टिकून राहतो. त्या एका स्वरात हा सगळा झगडा आहे.

रोजच्या लेखनात मात्र हा शब्द कधी कधी 'लॅटिना'चा पर्याय म्हणून सरसकट वापरला जातो. क्यूबन वंशाची स्त्री लॅटिना असते, चिकाना नव्हे. मेक्सिकन वंशाची प्रत्येक स्त्रीही स्वतःला चिकाना म्हणवीत नाही. जुन्या पिढीतल्या काहींना त्यात अजून हेटाळणीच ऐकू येते.

मग सन्मानाचा झालेला शब्द कोणालाही चिकटवावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. न विचारता दिलेला मानही लादलेलाच असतो. उलट, जी स्वतःला आग्रहाने चिकाना म्हणवते, तिला सौम्य वाटावे म्हणून 'हिस्पॅनिक' लिहिणे हाही अन्यायच. दोन्हीकडे तिचे मत बाजूला पडते.

लिहिणाऱ्याने एवढेच करावे. लिहिण्यापूर्वी विचारावे, 'बाई, तुम्ही स्वतःला काय म्हणवता?' आणि उत्तर येईल ते तसेच लिहावे. आपल्याबाबतही दुसऱ्यांनी असेच वागावे, एवढीच तर आमची अपेक्षा असते.