सा कुणाचा धरायचा?

गेल्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका चर्चासत्रात एक ज्येष्ठ गायक बोलायला उभे राहिले. विषय होता शाळेतलं संगीतशिक्षण. बोलता बोलता ते म्हणाले की गाणं शिकवायचं कसं हे शिकायला आपली मुलं आता युरोपात जाऊ लागली आहेत, ही शरमेची गोष्ट आहे. पियानोवर कान तयार करून आलेला शिक्षक इथल्या मुलांच्या गळ्यात बेसूर पेरणार. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी माझी एक विद्यार्थिनी बसली होती. विशारद, मग एम. ए., मग दोन वर्षं एका शाळेत तासिका तत्त्वावर नोकरी. हंगेरीतल्या केच्केमेत गावच्या कोडाय संस्थेत तिला प्रवेश मिळाला आहे. मी हे जुलैत लिहिते आहे; अंक तुमच्या हाती येईल तेव्हा ती तिथे पोचलेली असेल. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत आणि माझ्याकडे बघितलंही नाही. त्या दिवशी वेळ संपल्याचं सांगून सत्र आटोपलं. माझं उत्तर राहून गेलं, ते आता देते.

आधी तिचं म्हणणं. तिला आणि साल्झबुर्गच्या ऑर्फ संस्थेत जाऊ पाहणाऱ्या आणखी एका विद्यार्थ्याला मी लिहून द्यायला सांगितलं होतं: काय मिळेल असं वाटतं आणि भीती कशाची वाटते. आशा दोघांच्याही चार ओळींत संपल्या. तिची एक ओळ मात्र मी वहीत उतरवून ठेवली आहे. पन्नास मुलांचा वर्ग एका सुरात आणि न ओरडता गाताना तिला एकदा ऐकायचा आहे, कारण तसा वर्ग तिने अजून ऐकलेला नाही. विशारदपर्यंतच्या सगळ्या परीक्षांत तिला राग विचारले, ताल विचारले, आलाप-ताना घेऊन दाखवायला सांगितल्या. सातवी ‘ब’च्या वर्गात फुटू लागलेल्या आवाजाच्या मुलाला कुठे बसवायचं, त्याला काय गायला द्यायचं, हे कुणी विचारलं नाही आणि शिकवलंही नाही.

भीती मात्र दोन पानं भरून होती. कर्ज, व्हिसा, थंडी, शाकाहारी जेवण हे सगळं होतं, पण ते कोणत्याही मुलाला असतं. गुरुजींना कसं सांगायचं, ही भीती आपल्याच माणसांना कळेल. तिने आठ वर्षं ज्यांच्यापुढे तानपुरा धरला त्यांना ‘मी दुसरीकडे शिकायला जाते’ हे वाक्य म्हणायचं कसं? तिने ते तीन महिने म्हटलं नव्हतं. आणखी एक भीती होती, ती वाचून मी थांबले. तिची पट्टी काळी चार. तिचं सगळं गाणं त्या षड्जावर उभं आहे. तिथे समूहगानात ती उभी राहणार, तेव्हा तिचा स्वतःचा सा नसेल. सगळ्यांचा मिळून जो ठरेल तो, आणि गाण्यागणिक वेगळा. खुल्या आवाजाऐवजी पातळ, वरच्या आवाजात गायला सांगतील. तिने लिहिलं होतं, ‘परत आल्यावर माझा सा मला सापडेल का?’

त्या गायकांच्या भाषणात या प्रश्नाची चाहूलही नव्हती.

आता भातखंड्यांकडे वळते. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक संगीतशिक्षकाने त्यांचा १९०४चा प्रवास समजून घ्यावा, असं मला वाटतं. मुंबईचा हा चव्वेचाळीस वर्षांचा वकील त्या साली दक्षिणेत गेला. घरात पत्नी नव्हती, मुलगी नव्हती. दोघींचं निधन काही वर्षांच्या अंतराने झालं होतं. तमिळ येत नव्हतं. तिथली गायकी कानाला ओळखीची नव्हती. दैनंदिनीत त्यांनी भेटलेल्या विद्वानांबद्दल नाराजीही मोकळेपणी लिहिली आहे. तरी ते गावोगाव हिंडत राहिले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले, व्यंकटमखीच्या सतराव्या शतकातल्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची ओळख करून घेतली, बहात्तर मेळांची मांडणी समजून घेतली. मांडणीच्या त्या शिडीवरून त्यांनी पुढे आपले दहा थाट बसवले आणि ‘लक्ष्यसंगीता’त मांडले. आज खेड्यातल्या प्रारंभिकच्या मुलालाही ‘यमन कुठल्या थाटातला?’ असं विचारलं जातं. त्या प्रश्नामागे एका मराठी माणसाचा परमुलखातला अभ्यास आहे. त्या काळी एट्टयपुरम हे मुंबईच्या माणसाला आजच्या बुडापेस्टपेक्षा जवळ होतं असं मला वाटत नाही.

दहा थाट अपुरे आहेत, मधुवंतीसारख्या रागांत ते अडतात, हे मला मान्य आहे. पण भातखंड्यांनी दक्षिणेची गायकी इकडे आणली नाही. त्यांनी मांडण्याची रीत आणली, आणि त्या रीतीने घरच्या रागांकडे नव्याने पाहिलं. आमच्या संगीतकारांनी दूर जाणं काही नवं नाही. बडोद्यात १८८६ साली गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचा मुलगा त्याच शतकात संगीत शिकायला लंडनला गेला आणि परत आला.

आता कोडायकडे. संगीतकार झोल्तान कोडाय १८८२ साली केच्केमेतलाच जन्मला. १९०५मध्ये, म्हणजे भातखंडे दक्षिणेत गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, तो हंगेरीच्या खेड्यांत गाणी गोळा करायला बाहेर पडला. लहान गावात गाण्याचा मास्तर कोण आहे, हे राजधानीच्या ऑपेराचा संचालक कोण आहे यापेक्षा महत्त्वाचं असतं, असं तो म्हणे. त्याच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत ‘डो’ची जागा ठरलेली नसते. गाण्याबरोबर ती सरकते, आपल्या षड्जासारखीच. इथवर आमच्या मुलीला घरी आल्यासारखं वाटेल. अडचण पुढे आहे. जुन्या हंगेरियन लोकगीतांत पाच स्वरांची एक चाल फार आढळते. आपल्या कानाला ती सरळ धानी राग आहे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. पण तिथे त्या सा-ला ‘ला’ म्हणतात, कारण तेच पाच स्वर ‘डो’पासून म्हटले की भूप होतो. भूपाच्या धैवताला षड्ज मानलं की धानी मिळते, हे आपण मूर्च्छनेच्या पाठात शिकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. तिथली आठ वर्षांची मुलं ते गातात. विश्रांतीचा स्वर आणि स्वराचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या मुलीला तिथे गळ्याने कळेल. तिचा सा हरवणार नाही. तो काय आहे हे तिला पहिल्यांदा समजेल, असा माझा विश्वास आहे.

राहिला पियानो. सम-विभागी सप्तकातला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. तो कानाला खुपतो आणि खुपायलाच हवा. पण हा चढा गंधार आमच्या शाळांत हंगेरीहून येणार नाही. शंभराहून जास्त वर्षं तो पेटीतून येतो आहे. त्याच कारणावरून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं चालली. या काळात शाळेतली पेटी कुणी हलवली नाही. उलट कोडायने १९४१ साली दोन आवाजांत गायचे स्वराभ्यास प्रसिद्ध केले ते गायकाला पियानोच्या आधारातून सोडवण्यासाठीच. एकाने धरलेल्या स्वरावर दुसऱ्याने आपला स्वर लावायचा, वाद्याविना. ज्या पद्धतीवर त्या गायकांनी पियानोचा आरोप ठेवला, तिच्या कर्त्याचं पियानोबद्दलचं मत त्यांच्याशी जुळणारं होतं.

लेख इथेच संपवावा असं मी ठरवलं होतं. पण मे महिन्यात एक गोष्ट घडली आणि माझा तोरा उतरला.

जाण्याची तयारी म्हणून मी तिला म्हटलं, ‘कोडायचा पहिला आग्रह असा की मुलाचं संगीत त्याच्या मायबोलीतल्या गाण्यापासून सुरू व्हावं. तिथे तुला तुझं गाणं विचारतील. तीन-चार स्वरांतलं, लहान मुलाला येईल असं मराठी गाणं म्हण.’ ती गप्प राहिली. तिला पन्नासेक बंदिशी येतात, बहुतेक ब्रजमधल्या. नाट्यगीतं येतात. अभंग येतात, तेही कुणी ना कुणी मोठ्या गायकाने गाजवलेले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘ताई, भोंडल्याची दोन अर्धी येतात.’ मग मी स्वतःला विचारलं आणि माझीही चारच भरली.

त्या ज्येष्ठ गायकांना वाटणारी काळजी चुकीच्या ठिकाणी होती, पण ती काळजी होती, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. मुलगी काय गमावून येईल, हे ते विचारत होते. ती काय घेऊन जाणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही शिक्षकांनीही विचारलं नाही. भातखंडे दक्षिणेत गेले तेव्हा त्यांच्याजवळ वर्षानुवर्षं जमवलेल्या बंदिशी होत्या, म्हणून ती शिडी त्यांच्या कामी आली. शिडी आणून तिच्यावर ठेवायला काही नसेल, तर मुलगी परत येऊन हंगेरियन मुलांचीच गाणी मराठी शब्द घालून शिकवेल. ते नुकसान १४ सेंटांहून फार मोठं आहे. आणि ते तिच्या केच्केमेतला जाण्याने होणार नाही, ते आमच्या वर्गांत आधीच झालेलं आहे.

गाणी नाहीत असं नाही. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायकांनी त्या पहाटे दळताना गायलेल्या आहेत, पुष्कळशा चार-पाच स्वरांच्या आत. संगीताच्या पदवीच्या अभ्यासक्रमात त्या मला कधी भेटल्या नाहीत. मी पंचवीस वर्षं शिकवते आहे आणि मीही त्या वर्गात आणल्या नाहीत.

मेपासून आम्ही दर रविवारी बसतो. ती आजीकडून, शेजारच्या बायकांकडून, मोलकरणींच्या आयांकडून गाणी आणते. आम्ही त्यांची स्वरलिपी करतो, किती स्वर आहेत, विश्रांती कुठे आहे हे बघतो. काल सव्वीस झाली. एका ओवीची विश्रांती कुठल्या स्वरावर मानायची यावर आमचं एकमत झालेलं नाही. मला तो सा वाटतो, तिला रिषभ.

तिच्या भीतींपैकी शेवटची अजून उरली आहे: परत आल्यावर शिकवू कुठे? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून अधिक मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितला आहे, पण अंशकालीन. त्या शब्दाचा अर्थ ती दोन वर्षं तासिकेच्या पैशांवर जगून शिकली आहे. गुरुजींना तिने जूनमध्ये सांगितलं. ते थोडा वेळ तानपुऱ्याकडे बघत बसले आणि मग त्यांनी विचारलं, तिकडे सकाळी रियाजाला खोली मिळेल ना?